एप्रिल लागला, पेनं सुकली! कुठल्या पेनात कुठली शाई भरता?

दौत_आणि_टाक | ६ एप्रिल, रात्री ९.५०

मंडळी, नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या कपाटात त्यांचं जुनं काळं एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, पेन सापडलं आणि तिथून हे वेड लागलं. आता टेबलावर पाच झालीत. वडिलांचं ते ड्रॉपरनं भरायचं, एक स्वस्तातलं चिनी, एक प्लास्टिकचं जर्मन, एक पायलट मेट्रोपॉलिटन, आणि बायकोनं "एवढ्याशा पैशातपण येतं की" असं ऐकवत आणून दिलेलं प्लॅटिनम प्रेपी. शाया चार: कॅमलची रॉयल ब्लू, पेलिकनची ४००१ ब्लू-ब्लॅक, सुलेखाची काळी, आणि वाढदिवसाला मीच मला दिलेली पायलटची त्सुकीयो.

जानेवारीतली गड्डा जत्रा संपेपर्यंत सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं. महाशिवरात्र झाली आणि तंत्र बिघडलं. चिनी पेन दोन दिवस बाजूला ठेवलं की तिसऱ्या दिवशी कोरडं ठणठणीत. जर्मन पेनातली शाई दिवसागणिक गडद होत जाते, आठवड्यानं पार काकवी. आणि वडिलांचं पेन उलट्या गुणाचं, ते गळतं. तेही घरी नाही, ऑफिसातून निघून गाडीपर्यंत जाईस्तोवर. तीन शर्ट गेले.

तर प्रश्न असा की सोलापूरच्या उन्हाळ्यात कुठल्या पेनात कुठली शाई भरायची? नेटवर जे सांगतात ते लंडन-टोकियोच्या हवेचं. पारा ४१ वर असताना काय, ते आपल्या माणसांनी सांगावं.


शेंगाचटणी | ६ एप्रिल, रात्री १०.०२

माणसं सुकायलीत इथं, तू पेनाचं काय घेऊन बसलास बे.


निवृत्त_हेडक्लार्क | ७ एप्रिल, सकाळी ६.१५

दौतराव, तुमचं एकाच ठिकाणी चुकतंय. पाच पेनं. माणसाला पेन एक असावं आणि ते रोज चालावं. मी ३४ वर्षं नोकरी केली, पेन कधी सुकलं नाही, कारण सुकायला त्याला सवडच नव्हती. सकाळी गळ्यापर्यंत भरायचं, संध्याकाळी निम्मं. हजेरीपट, आवक-जावक, टिपणी, स्मरणपत्र, स्मरणपत्राचं स्मरणपत्र.

शाई म्हणाल तर निळी-काळी. रॉयल ब्लू पोरांची. लाल शाई तपासणाऱ्याची. हिरवीला हात लावायची आमची टाप नव्हती, हिरवी सही म्हणजे राजपत्रित अधिकारी अशी कचेरीत समजूत. एकदा एका नव्या कारकुनानं हौसेनं हिरव्या शाईत रजेचा अर्ज लिहिला. साहेबांनी अर्ज मंजूर केला आणि खाली लिहिलं, "पेन जमा करावे."

शाळेत असताना आम्हाला बाटली परवडायची नाही. शाईची पूड आणायची, पाण्यात घोळायची, फडक्यातून गाळायची. कॅमलचा धंदासुद्धा त्यातूनच उभा राहिला. १९३१ साली दांडेकरांनी मुंबईत 'हॉर्स ब्रँड' नावानं शाईची पूड आणि वड्या विकायला काढल्या. उंट मागाहून आला. घोड्यावरून उंटावर, म्हणजे आपल्या उन्हाची तयारी तेव्हापासूनच म्हणायची.


सदाशिव_पुणे | ७ एप्रिल, सकाळी ९.४०

धागाकर्त्याकडे त्सुकीयो आहे आणि तरी प्रश्न पडतो, याचं आश्चर्य वाटलं. पायलटच्या इरोशिझुकू शायांचा ओघ इतका चांगला आहे की कुठल्याही पेनात भरा, पहिल्या फटक्याला चालतं. मी कोनपेकी, यामाबुदो आणि त्सुकीयो या तिघींवर आहे. स्वस्त शायांनी पेनं खराब होतात, हे एकदा मान्य केलं की पुढचे प्रश्न पडत नाहीत.

त्सुकीयो म्हणजे चांदणी रात्र, यामाबुदो म्हणजे रानद्राक्ष. माहितीसाठी.


शेंगाचटणी | ७ एप्रिल, सकाळी ९.४४

५० मिली रानद्राक्षाला हजाराच्या वर मोजायचे? पंढरपूर रोडला या मालक, तेवढ्यात खरी द्राक्षं पोत्यानं देतो.


सदाशिव_पुणे | ७ एप्रिल, सकाळी ९.५१

द्राक्षानं लिहिता येत नाही.


शेंगाचटणी | ७ एप्रिल, सकाळी ९.५२

शाई खाता येत नाही.


अक्कलकोटची_लेक | ७ एप्रिल, दुपारी १.२०

😂 दोघांनाही एकेक ग्लास ताक द्या कुणीतरी.

आमच्या शाळेत पाचवीत गेलं की शाईचं पेन. चौथीपर्यंत पेन्सिल, म्हणजे पाचवीचा पहिला दिवस हा मुंजीसारखाच. मैत्रिणीचं पेन रिकामं झालं की बाकावर थेंब टाकून उसना द्यायचा, तिनं तो पेनाच्या टोकानं ओढून घ्यायचा. उसन्या थेंबांचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर. सातवी सुटली तेव्हा एक मुलगी माझे अकरा थेंब देणं होती, अजून आहे. परवा चाटी गल्लीत साड्या घेताना भेटली, मी आठवण करून दिली.

पेन पुसायचं केसांना. तेल लावलेले असल्यामुळे निप मस्त चालायची, असा आमचा शोध.

आता प्रश्न. हल्ली सगळे 'निब' म्हणतात, आम्ही 'निप' म्हणायचो. आणि तिच्या खालची ती रेघारेघांची काळी पट्टी, तिला आम्ही 'जीभ' म्हणायचो. बरोबर का?


निवृत्त_हेडक्लार्क | ७ एप्रिल, दुपारी १.४५

निपच. निब हे कॉन्व्हेंटचं. जीभ बरोबर.


विज्ञानबाई | ७ एप्रिल, रात्री ८.३०

गळण्याबद्दल लिहिते, कारण त्यात मजा आहे.

ड्रॉपरच्या पेनात शाई आणि वर हवा असते. हवा तापली की पसरते आणि शाईला ढकलते. पुस्तकी उत्तर असं की हाताच्या उबेनं हवा तापते. ते थंड देशात खरं. आपल्याकडे मे महिन्यात खोली ४० ला आणि हात ३७ ला, म्हणजे हात लावल्यावर पेन गारच व्हायला हवं! म्हणून दौत यांनी दिलेला तपशील महत्त्वाचा आहे. पेन घरी गळत नाही, ऑफिस ते गाडी या वाटेवर गळतं. ऑफिसात एसी असणार. बरोबर?

गणित मांडू. आत २५ अंश, बाहेर ४२. पेन अर्धं रिकामं, समजा २ मिली हवा. हवा तापमानाच्या प्रमाणात पसरते, पण केल्विनमध्ये. १७ भागिले २९८ (२५ अधिक २७३), म्हणजे जवळजवळ पावणेसहा टक्के. २ मिलीचे ०.११ मिली. एक थेंब साधारण ०.०५ मिली धरा. झाले दोन थेंब. शिवाय आत पाण्याची वाफ असते, ती ४२ अंशांना २५ च्या अडीचपट दाब देते. तिचे आणखी दोनेक थेंब. पार्किंगपर्यंत जाता जाता चार थेंब बाहेर यायला बघणार. थोडे जीभ आपल्या खाचांत धरून ठेवते, उरलेले तुमच्या खिशाला.

उपाय शाईत नाही, भरण्यात आहे. पेन गळ्यापर्यंत भरा. हवाच नसेल तर पसरणार काय? आणि एसीतून बाहेर पडताना पेन टोक वर करून उभं ठेवा, म्हणजे शाईऐवजी हवा बाहेर जाईल.


शेंगाचटणी | ७ एप्रिल, रात्री ८.४१

बाई, दहावीला तुम्ही असता तर मी आज शेंगा विकत नसतो. नाही, विकल्या असत्या, पण केल्विनमध्ये.


दौत_आणि_टाक | ७ एप्रिल, रात्री ९.१५

बाई, साष्टांग. एसी आहेच, आणि माझी खुर्ची बरोबर त्याच्या खाली. आजवर मी पेनाच्या आट्यांना दोष देत होतो. सिलिकॉन ग्रीस लावलं, मग पांढरी टेपही गुंडाळली, नळाला लावतात ती. गळायचं ते गळतच राहिलं, कारण ते आट्यांतून गळतच नव्हतं.

आता सुकण्याचं सांगा कुणीतरी.


पूर्वभागकर | ८ एप्रिल, रात्री ११.१०

उशिरा लिहितोय, कारखान्यातून आत्ता आलो. आमचं घर तीन पिढ्या सूत रंगवण्यात. घरात तेलुगू, कामावर मराठी, हिशेब कानडीत, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पेनातलं मला फार कळत नाही, एकच वापरतो, आजोबांचं. रंगातलं मात्र कळतं. आणि मंडळी, शाई म्हणजे दुसरं काय? पाण्यात विरघळलेला रंग. कागद म्हणजे काय? सेल्युलोज. सूत म्हणजे काय? तेही सेल्युलोज. तुम्ही ओळ लिहिता तेव्हा एक अगदी बारीक चादर रंगवत असता.

आमच्याकडे दोन शब्द आहेत, कच्चा रंग आणि पक्का रंग. कच्चा रंग धाग्यावर नुसता बसतो, पाणी लागलं की उठून जातो. पक्का रंग धाग्याला धरतो. चादर धुतल्यावर जाईल ती सोलापुरी कसली? शायांचंही तेच. रॉयल ब्लू हा कच्चा रंग. तो मुद्दामच कच्चा असतो, पोरांच्या गणवेशातून निघावा म्हणून. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात त्याचा थेंब टाकून बघा, निळा फिका पडेल. सेल्युलोजला धरणाऱ्या शायाही मिळतात, रंग आमच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांच्या जातीचे. कागदावर पाणी ओता, अक्षर हलत नाही. पण जो रंग कागदाला धरतो तो सुकल्यावर जिभेच्या खाचांतही हट्टानं बसतो, हे विसरू नका.

म्हणून माझा नियम सोपा आहे. जे पेन रोज चालतं त्यात पक्का रंग. जे आठवड्यातून एकदा हातात येतं त्यात कच्चा. सदाशिवराव म्हणतात स्वस्त शाईनं पेन बिघडतं. रंगाच्या बाजूनं बघितलं तर साधी रॉयल ब्लू सगळ्यात गरीब गाय आहे. सुकली तरी नुसत्या पाण्यानं सुटते. बिघाड करतात त्या चमकीच्या शाया. चमकी विरघळत नाही, तरंगते, आणि तळाला बसते. मग त्या कितीही महाग असोत.

आता सुकणं. शाईतला रंग उडत नाही, पाणी उडतं. मार्च ते मे आपली हवा कोरडी, वर पंखा. पाणी गेलं, रंग उरला, म्हणून शाई गडद होते. ती बिघडलेली नसते, आटलेली असते. रंगाची टाकी आटली तर आम्ही काय करतो? पाणी घालतो. तुम्हीही घाला, एक थेंब. पण कुठलं पाणी, ते महत्त्वाचं. बोअरचं अजिबात नको. जड पाण्यातला चुना रंगाला फोडतो, आमच्या कारखान्यात ती रोजची लढाई आहे. इन्व्हर्टरला घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते आणा. आणताना बाटलीवरचं वाचा, शेजारीच अ‍ॅसिडची बाटली ठेवलेली असते.

एक गोष्ट सांगून थांबतो. सातवीत असताना कारखान्यातला उरलेला किरमिजी रंग मी पेनात भरला होता. काय रंग होता! अर्धं पान लिहून झालं आणि पेन बंद. सूत रंगवायच्या द्रावणात मीठ घालतात, रंग धाग्याकडे ढकलायला. त्या मिठाचे खडे जिभेत बसले. आजोबांनी ते पेन तीन दिवस पाण्यात ठेवलं आणि मला तीन दिवस उन्हात. तेव्हा कुणी हा प्रयोग करू नये.


विज्ञानबाई | ९ एप्रिल, सकाळी ७.०५

"एक अगदी बारीक चादर." उद्या वर्गात सांगणार, तुमच्या नावासकट.


सदाशिव_पुणे | ९ एप्रिल, सकाळी १०.३०

चमकीच्या शायांबद्दल पूर्वभागकरांशी सहमत. बाकी माझं मत कायम आहे. ओघाचा मुद्दा त्यांनी सोडला. काही शाया ओल्या वाहतात, काही कोरड्या. वॉटरमनची निळी, इरोशिझुकू या ओल्या. पेलिकन ४००१ कोरडी म्हणून प्रसिद्ध आहे. जपानी निब पाश्चात्त्य निबेपेक्षा एक घर बारीक असते, त्यांची 'मीडियम' आपल्याकडच्या 'फाइन'ला लागते. बारीक निबेत कोरडी शाई भरली तर ती अडखळणारच. आणि जाड निबेत ओली शाई भरली तर साध्या कागदावर पसरणार. जोडी जमवावी लागते.


निवृत्त_हेडक्लार्क | ९ एप्रिल, सकाळी १०.५२

पहिल्यांदा पुण्याचं काही पटलं.


बँकेतला_बाब्या | ९ एप्रिल, दुपारी २.१५

कच्च्या रंगावरून आठवलं. चेक कृपा करून रॉयल ब्लूनं लिहू नका. गेल्या पावसाळ्यात एक आजोबा आले, धोतराच्या सोग्यात घडी घालून आणलेला चेक. भिजला होता. सही नाही, रक्कम नाही, नुसता आकाशाचा तुकडा. आजोबा म्हणाले, "साहेब, पन्नास हजार होते हो त्यावर." होते खरे.

दुसरा चेक लिहून घेतला. बॉलपेन मी दिलं, क्षमस्व.


मोडीवाचक | ९ एप्रिल, रात्री ९.३०

पक्क्या शाईचा विषय निघालाच आहे तर थोडं मागे जातो. जुने मोडी कागद हाताळतो. दोनशे वर्षांपूर्वीचं अक्षर आजही काळं कुळकुळीत असतं, कारण ती काजळीची शाई. दिव्याची काजळी आणि डिंक, खलून खलून एकजीव केलेली, बोरूनं लिहिलेली. काजळी म्हणजे कार्बन, त्याला ना ऊन लागतं ना पाणी फिकं करतं. डिंकामुळे अक्षर पाण्यानं फिसकटेल, पण रंग मरत नाही.

दुसरी जात हिराकस आणि हिरड्याची. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार, हिरड्यात टॅनिन. दोन्ही एकत्र आले की लिहिताना फिकी असणारी शाई हवा लागून काळी होत जाते. युरोपात हिरड्याऐवजी ओक झाडावरच्या गाठी वापरायचे. ही शाई पक्की, पण आंबट. जास्त झाली की शतकभरानं कागद खाते, अक्षराच्या जागी भोकं पडतात.

दौत, तुमची पेलिकनची ब्लू-ब्लॅक याच कुळातली आहे. लोह थोडं असतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण ती पेनात सुकू देऊ नका. आणि ती धुताना अमोनिया किंवा साबण नको, अल्कलीत लोह गाळासारखं खाली बसतं. तिला आंबट लागतं. व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात विरघळवून त्यानं धुवा, मग साधं पाणी.

आणि हौसेनं घरी केलेली काजळीची शाई कुणी पेनात भरू नये. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई तर मुळीच नाही, तिच्यात लाख असते. ती आत वाळली की पेनाचा तिथेच समाधियोग.


शेंगाचटणी | ९ एप्रिल, रात्री ९.४०

मतदानाची शाई भरली तर? पाच वर्षं टिकेल.


मोडीवाचक | ९ एप्रिल, रात्री ९.४८

तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, उजेड लागला की काळं पडणारं. म्हैसूरचा सरकारी रंग कारखाना करतो, १९६२ च्या निवडणुकीपासून. पेनाचं निप आणि तुमचं बोट, दोन्हींवर निशाणी राहील. प्रश्न चेष्टेचा होता हे कळलं, पण उत्तर देण्याचा मोह आवरला नाही.


हुतात्मा_एक्स्प्रेस | १० एप्रिल, सकाळी ६.५०

गाडीतून लिहितोय. आठवड्यातून दोनदा पुणे. प्रेपीच्या टोपणात स्प्रिंगवर एक आतलं टोपण असतं, ते निबेवर घट्ट बसतं. पंधरा दिवस पिशवीत विसरलो, चालू. कुठली शाई हा प्रश्नच येत नाही. दौत, बायकोनं दिलेलं ते पेन तुमच्या पाचांतलं सगळ्यात शहाणं आहे, पण घरात हे कबूल करायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

चिनी पेनाबद्दल: टोपण सैल असणार. फुंकून बघा, हवा आरपार जात असेल तर कुठलीही शाई वाचवू शकत नाही. आणि डॉक्टर कोटणीसांच्या गावात चिनी पेनाला एवढं घालूनपाडून बोलू नका हो, १९३८ साली इथून माणूस तिकडं गेलाय.


निवृत्त_हेडक्लार्क | १० एप्रिल, सकाळी ७.३०

कोटणीसांचं नाव निघालं म्हणून सांगतो. १९३१ च्या जानेवारीत आपले सोलापूरचे चार हुतात्मे फासावर गेले. त्याच वर्षी दांडेकरांची शाई. अमेरिकेत पार्करची क्विंकही त्याच सालची. सुलेखा १९३४ ची, बंगालातल्या राजशाही गावची. परदेशी शाईनं स्वदेशीची पत्रकं कशी लिहायची, हा तेव्हा खरोखरचा पेच होता. आता तुम्ही चांदण्या रात्रीच्या नावानं जपानी शाई घेता. घ्या बापडे. मीही नातवाकडून एक थेंब मागून घेतला होता. बरी आहे.


सदाशिव_पुणे | १० एप्रिल, सकाळी ९.१५

काकांनी इरोशिझुकूला "बरी आहे" म्हटलं, याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.


अक्कलकोटची_लेक | १० एप्रिल, दुपारी १२.४०

कागदाचं कुणी बोललंच नाही. आमच्या गावाकडे वह्यांचा कागद असा असतो की रेघ ओढली की तिला पाय फुटतात. झेरॉक्सवाल्यानं एक तमिळनाडूचा कागद दिला, टीएनपीएलचा, त्यावर शाई मस्त बसते. तो उसाच्या चिपाडापासून करतात म्हणे! एवढे साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात, चिपाड जळतं बॉयलरमध्ये, आणि लिहायला कागद येतो तिकडून.


पूर्वभागकर | १० एप्रिल, रात्री ११.३०

चिपाडही सेल्युलोजच, ताई. 🙂


दौत_आणि_टाक | २ मे, रात्री १०.२०

उशिराबद्दल माफी. तीन आठवडे प्रयोग केले, आज हिशेब देतो. पारा ४३.

जर्मन पेनातली काकवी डिस्टिल्ड पाण्याच्या दोन थेंबांनी ताळ्यावर आली. आता त्यात रॉयल ब्लू, आणि दर रविवारी एक थेंब पाणी. मेट्रोपॉलिटनला त्सुकीयो, बारीक निप आणि ओली शाई, सदाशिवरावांचं म्हणणं मान्य. चिनी पेन फुंकून बघितलं. आरपार. निवृत्त केलं, सन्मानानं, कोटणीसांचा मान ठेवून. प्रेपीत सुलेखाची काळी, आणि ते सगळ्यात शहाणं आहे हे घरात कबूल केलं. त्याची किंमत वेगळी मोजतोय.

पेलिकनची ब्लू-ब्लॅक वडिलांच्या पेनात भरायची ठरवली. कोरडी शाई गळक्या पेनाला, असा हिशेब. पण भरण्याआधी मोडीवाचक म्हणाले तसं धुवायला घेतलं. एवढी दोन वर्षं मी त्यात रॉयल ब्लूच भरत होतो, आधी पेन नुसतं नळाखाली धरलं होतं. या वेळी जीभ निबेसकट ओढून काढली आणि वाटीत रात्रभर ठेवली. सकाळी पाणी निळं. ओतलं, नवं घातलं. संध्याकाळी जांभळं. तिसऱ्या दिवशी वाटीत स्वच्छ लाल पाणी होतं, शाळेत रंगपेटीचा ब्रश धुतल्यासारखं.

वडील गिरणीत टाइमकीपर होते. भोंगा झाल्यावर जो आत येईल त्याच्या नावापुढे लाल खूण. घरी त्यांनी कधी लाल शाईनं लिहिलेलं मला आठवत नाही. बाटलीही कधी दिसली नाही.

आई म्हणाली, "त्या पेनाला घरात हात लावायची कुणाची छाती नव्हती." एवढंच.

ब्लू-ब्लॅक भरली आहे, गळ्यापर्यंत. पंधरा दिवस झाले, गाडीपर्यंत जाताना टोक वर. शर्ट शाबूत.


निवृत्त_हेडक्लार्क | ३ मे, सकाळी ६.०५

टाइमकीपरची लाल शाई. माझे वडील त्याच भोंग्यावर धावायचे, वीव्हिंग खात्यात. कदाचित त्यातला एखादा थेंब आमच्याही नावाचा असेल. वाटीतलं पाणी फेकलंत का?


दौत_आणि_टाक | ३ मे, सकाळी ८.३०

तुळशीत नको म्हणाली आई. मोरीत ओतलं.


विज्ञानबाई | ३ मे, सकाळी ९.१०

एबोनाइटची जीभ शाई धरून ठेवते ती अशी. प्लास्टिकच्या जिभेत एवढं सापडलं नसतं. आणि धुतलेलं पेन उन्हात वाळवू नका, एबोनाइटचा काळा रंग उन्हानं तपकिरी पडतो. सावलीत, फडक्यावर.


सदाशिव_पुणे | ३ मे, सकाळी १०.००

छान लिहिलंत. त्या पेनाचं माप आणि निबेवरचा मजकूर टाकाल का? आणि फोटो.


शेंगाचटणी | ३ मे, संध्याकाळी ६.४०

तुम्हा लोकांच्या नादानं काल नवी पेठेतून एक ड्रॉपरचं पेन आणलं. शाई घेताना दुकानदाराला म्हणालो, पक्की द्या. गळ्यापर्यंत भरायचं होतं, अर्धंच भरलं. दुकानातून उन्हात आलो. पांढरा शर्ट, लग्नाला निघालेलो.

सोलापुरी टॉवेलनं तासभर पुसतोय. आता टॉवेलही निळा. शाई खरंच पक्की निघाली बे.